पेन्सिलीने भरलेले अर्ज

आमच्या कंपनीत आजवर जेवढ्या जागा निघाल्या, त्या प्रत्येक जागेसाठी मोहितेकाकांनी अर्ज केला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी फुगवून सांगत नाही, कारण ते अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. प्रयोगशाळा सहायक, हवामानाच्या नोंदी ठेवणारा, ग्रंथपाल, ड्रोन उडवणारा, इतकंच काय, ड्रायव्हर. स्वतः चालवायचे सायकल, आणि तीही उतार आला की उतरून हातात धरून न्यायचे. एकदा रिसेप्शनिस्टची जागा निघाली. दुपारी काकांचा अर्ज हजर. मी तो त्यांच्यापुढे धरला.

"काका, नोटीस नीट वाचलीत का? फक्त महिलांसाठी आहे."

"वाचली की. फक्त महिलांना घेणार, असं लिहिलंय बेन. दुसऱ्यांनी अर्ज करू नये, असं कुठे लिहिलंय?"

मी कपाळाला हात लावला आणि अर्ज फायलीत लावला.

मी वृंदा. शेती आणि पर्यावरण यांवर संशोधन करणाऱ्या एका खाजगी कंपनीत बावीस वर्षं भरतीचं टेबल सांभाळते. आमचं ऑफिस बडोद्याला अकोट्यात आणि प्रयोगाची शेती डभोईच्या रस्त्यावर. तिथे मातीची, पाण्याची, बियाण्याची कसली कसली तपासणी चालते. मला त्यातलं मेथी आणि कोथिंबीर यापलीकडे काही कळत नाही. पण कोणता कागद कोणत्या फायलीत आहे ते मी डोळे मिटून सांगेन, आणि त्याचा मला गर्व आहे. होता म्हणा.

मोहितेकाका शेतावर प्लॉटकीपर. म्हणजे वाफे आखायचे, खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीवर पाटी लावायची, आणि कोणत्या वाफ्याला काय दिलं ते वहीत लिहायचं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. घोडे गेले, दळ गेलं, पण काकांची पाठ काही वाकली नाही. चिखलात उभे असले तरी परेडला उभे आहेत असं वाटायचं. मराठी माणूस, राहायला दांडिया बाजारात, पण ऑफिसात मला 'बेन' म्हणणार आणि बाहेर भेटले की 'ताई'. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणे, "ऑफिसात तुम्ही ऑफिस असता."

आमच्या नोटिशीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कर्मचारी व विद्यार्थी, दोघांसाठी संधी'. आमचे संस्थापकसाहेब मोठे उदार. त्यांनीच लिहून ठेवलं की कंपनीतला कोणीही माणूस कोणत्याही जागेसाठी अर्ज करू शकेल, आणि त्याला मुलाखतीला बोलवायचंच. काका या वाक्याचा पुरेपूर फायदा घेत होते, असं आम्ही समजत होतो.

त्यांचा अर्ज यायचा तो शेतावरून येणाऱ्या मातीच्या पिशव्यांबरोबर. गाडी आली की पिशव्या उतरायच्या आणि त्यातल्याच एका रिकाम्या कापडी पिशवीत घडी घातलेला अर्ज असायचा. त्याला मातीचा वास. आणि पेन्सिलीने भरलेला! मी किती वेळा ओरडले असेन, काका, शाईने भरा, हा काही शाळेचा पेपर आहे का?

"शाई पावसात पळते बेन. शेतावर सगळं पेन्सिलीनेच लिहितात. पेन्सिल कुठे जात नाही."

अर्जात एक रकाना असतो, 'या पदासाठी अर्ज का करीत आहात?' त्यात पोरं अर्धं पान इंग्रजी झाडतात. काका प्रत्येक वेळी एकच ओळ लिहायचे. 'जागा रिकामी राहू नये म्हणून.' आम्ही ती ओळ एकमेकांना वाचून दाखवायचो आणि चहा सांडेपर्यंत हसायचो.

मुलाखतीच्या दिवशी तर बघायलाच नको. मरून रंगाचा कोट, बहुधा कोणाच्या तरी लग्नात शिवलेला. टायची गाठ कायमची मारून ठेवलेली, नुसती गळ्यात अडकवायची. बूट पिशवीत. ऑफिसच्या नळावर पाय धुवायचे, पुसायचे, मग बूट चढवायचे आणि आत जाऊन टाचेला टाच जुळवून खणखणीत आवाजात सांगायचे, "उमेदवार हजर आहे!"

आमचे डायरेक्टर, ज्यांना सगळे मोटासाहेब म्हणतात, त्यांना फार मजा वाटायची. "आवो आवो मोहितेभाई! केम, आ वखते शुं बनवुं छे?" म्हणजे, या खेपेला काय व्हायचंय?

ग्रंथपालाच्या मुलाखतीत विचारलं, पुस्तकं कशी लावाल? काका म्हणाले, "उंचीप्रमाणे." पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्याची जागा होती, तेव्हा साहेबांनी विचारलं, "विश्वामित्री नदीवर गेलात आणि समोर मगर आली तर?" काका म्हणाले, "आधी तिला जाऊ देईन साहेब. घर तिचं आहे."

एकदा मात्र गंमत झाली. माती प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा होती. ती प्लॉटकीपरपेक्षा वरची, सावलीतली, बसून करायची. साहेबांनी काय विचारलं कोण जाणे, काकांची तंद्री लागली असावी, त्यांनी एकामागून एक सगळी उत्तरं बरोबर दिली. मातीची चिमूट बोटांत चोळून तिच्यात चिकणमाती किती, रेती किती, तेसुद्धा सांगितलं. साहेब मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मोटासाहेब हसायचे थांबले आणि म्हणाले, "मोहितेभाई, तमे तो पास!" तर काका ताडकन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, सांगायचं राहिलं. मला रंग ओळखू येत नाहीत." प्रयोगशाळेत सगळा खेळ रंगांचा. निळं झालं, गुलाबी झालं, यावरून निकाल. झालं, जागा गेली पादरा गावच्या एका पोराला. आणि दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले तर काका लाल, पिवळ्या, निळ्या पाट्या पटापट वेगळ्या करत बसलेले! मी ऑफिसात येऊन सांगितलं. त्यानंतर कित्येक महिने कोणी काही चुकलं की आम्ही म्हणायचो, 'सांगायचं राहिलं, मला रंग ओळखू येत नाहीत.'

हसणं फुकटचं असतं ना, म्हणून माणूस फार हसतो.

आता आमच्या कंपनीचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तीनचा नियम. संस्थापकसाहेब मातीचे शास्त्रज्ञ. शेतातली कुठलीही चाचणी ते तीन वाफ्यांत करायचे. म्हणायचे, एक वाफा थाप मारतो, दोन वाफे भांडतात, तिसरा निकाल देतो. इथपर्यंत ठीक. पण त्यांनी तोच नियम माणसांना लावला. मुलाखतीला तीन उमेदवार प्रत्यक्ष हजर नसतील तर निवड करायची नाही, आणि ती जागा त्या वर्षापुरती बंद. साहेब गेले, त्यांचा फोटो मुलाखतीच्या खोलीत लागला, नियम मात्र जिवंत राहिला. बंद जागेची चौकशी करायला कोण येतो?

गेल्या वर्षीची गोष्ट. माती प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याची जागा निघाली. एक वर्ष शिकायचं, मग कायम. या जागेसाठी हेतल आली. डभोईच्या पलीकडच्या गावातली मुलगी, शेतीचा डिप्लोमा केलेली. कॉलेजची सहल आमच्या शेतावर आली तेव्हा बाकीची पोरं मोबाइलवर फोटो काढत होती आणि ही काकांच्या मागे मागे खड्ड्यात उतरून मातीचे थर बघत होती. तिला अर्ज करायला काकांनीच सांगितलं. फॉर्म देताना तिने माझा हातच धरला. म्हणाली, "बेन, आ थई जाय तो मारां लगन बे वरस पाछळ जाय." नोकरी लागली तर वडील लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला तयार होते. नाही लागली तर वैशाखात मुहूर्त धरलेला होता. पोरगी हसत सांगत होती, पण माझा हात काही सोडत नव्हती.

त्या जागेसाठी चार अर्ज आले. हेतल, दोन मुलगे, आणि अर्थातच काका.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे मॅनेजर आले होते. आल्या आल्या त्यांनी जुन्या याद्या मागवल्या, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "हा प्लॉटकीपर प्रत्येक यादीत कसा? तुम्ही अर्ज तपासता की नुसते मोजता?" सगळे हसले. बावीस वर्षांत माझ्या टेबलावर कोणी हसलं नव्हतं. मला जे लागलं ना, ते सांगता येत नाही. मी तशीच जागेवर आले, काकांचा अर्ज उचलला, त्यावर लाल शाईने 'अपात्र' लिहिलं आणि सही ठोकली. कर्मचाऱ्याला बोलवायचंच, हे संस्थापकांचं वाक्य मला पाठ होतं. तरी लिहिलं.

काका दुसऱ्या दिवशी आले. चप्पल दारात काढून, धुळीच्या पायांनी टेबलापाशी उभे राहिले.

"बेन, यादीत नाव नाही माझं."

"नाहीच. बास झालं काका आता. तुमच्यापायी आम्हाला ऐकून घ्यावं लागतं."

"एवढ्या वेळी राहू द्या. पुढच्या वेळी नाही करणार."

"कशाला पण? तुम्हाला थोडीच घेणार आहेत?"

त्यांनी टेबलावरच्या यादीकडे बघितलं. मग म्हणाले, "किती आहेत यादीत?"

"तीन. पुरेसे आहेत."

"तीनच," ते म्हणाले, आणि गेले.

यादीतला एक मुलगा माझ्याच सोसायटीतला, कारेलीबागेतला. त्याने अर्ज केला होता तो कॅनडाचा व्हिसा येईपर्यंत वेळ जावा म्हणून. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी त्याची आई पेढे घेऊन दारात. "व्हिसा आला वृंदा! तुझ्या इथलं ते आता राहू दे हं." मी अभिनंदन केलं, पेढा घेतला, तोंडात टाकला, चांगला आहे म्हटलं. आणि बघा, रोज आकडे जुळवणारी बाई मी, त्या पेढ्याबरोबर तीन वजा एक माझ्या डोक्यात झालं नाही.

सकाळी हेतल आली, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, वेणीला तेल. दुसरा मुलगा आला. आणि बाकावर त्यांच्या शेजारी काका बसलेले! मरून कोट, टाय, पायांत बूट. खिशातून पिपरमिंटच्या गोळ्या काढून त्या दोघांना देत होते. "घ्या. आत गेलं की तोंड कोरडं पडतं." मला बघून ते उठून उभे राहिले.

"उमेदवार हजर आहे बेन."

"काका, घरी जा," मी दातओठ खाऊन म्हटलं. त्यांना घालवायचंच मला कळत होतं. मोजायचं कळत नव्हतं.

आत मोटासाहेबांनी विचारलं, "त्रीजो कोण?"

"आला नाही साहेब."

"अने मोहितेभाई? बहार तो बेठा छे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "यादीत नाहीत ते. अपात्र आहेत. वृंदाबेनची सही आहे." मोटासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडे. त्यांनाही बरं वाटलं नसावं. पण त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तो पछी आवता वरसे." मग पुढच्या वर्षी.

पाच मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर येऊन मी हेतलला सांगितलं, की जागा बंद झाली. तिला समजेचना. ती माझ्याकडे आणि बंद दाराकडे बघत राहिली. "पण बेन, मने तो कांई पूछ्युं ज नहीं."

मला काही विचारलंच नाही! हे वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. रात्रंदिवस अभ्यास करून आली होती पोर, आणि तिला एक प्रश्नसुद्धा कोणी विचारला नाही. काकांनी तिची फाइल उचलली आणि तिला डभोईच्या बसपर्यंत सोडायला गेले. जाताना ते माझ्याकडे वळून बघतील म्हणून मी खिडकीत उभी राहिले. त्यांनी नाही बघितलं.

मी मोटासाहेबांकडे गेले. सांगितलं, चूक माझी आहे, काकांना यादीत घ्या, मुलाखत परत घ्या. लेखी दिलं. ते म्हणाले, "बेन, एकदा बंद झालेली जागा उघडली, तर उद्या सगळ्या उघडाव्या लागतील." मॅनेजरांनी माझं पत्र फायलीला लावलं. अगदी व्यवस्थित, भोक पाडून.

मग मी जुन्या फायली काढल्या. कशासाठी, ते मलाही धड माहीत नव्हतं. तळमजल्यावर आमची रेकॉर्डची खोली आहे. मागे विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तिथे कमरेएवढं पाणी भरलं होतं. फायली वाळवून परत लावल्या, पण उघडून कोणी बघितल्या नव्हत्या. शाईने भरलेले अर्ज पार पुसले गेले होते, नुसते निळे डाग. आणि प्रत्येक फायलीत एक अर्ज मात्र स्वच्छ वाचता येत होता. पेन्सिलीचा. 'जागा रिकामी राहू नये म्हणून.'

हजेरीचे कागद टाइप केलेले, ते टिकले होते. मी एकेक लावत गेले. बऱ्याच ठिकाणी पाच जण, सात जण हजर, तिथे काका असून नसून सारखेच. पण मधूनच एखादा कागद निघायचा. हजर उमेदवार तीन. एक, दोन, आणि तिसरे मोहिते. पाण्याचे नमुने आणणारा आमचा इस्माईल, ज्याच्या मुलाखतीत मगरीचा प्रश्न आला होता. तीन. ती ग्रंथपालबाई. तीन. माती प्रयोगशाळेतला तो मुलगा, काकांना रंग दिसेनासे झाले त्या दिवशीचा. तीन.

शेवटी अगदी खालची फाइल. भरती विभाग, कारकून, एक जागा. हजर उमेदवार तीन. त्यातलं एक नाव माझं होतं. माझा अर्ज उघडला तर निळा चिखल, माझं नावसुद्धा वाचता येईना. त्याच्या खाली काकांची पेन्सिल.

मला तो दिवस आठवला. मी चोवीस वर्षांची, घरात कमावणारं कोणी नाही, बाकावर बसलेली. शेजारी मरून कोटातला एक विचित्र माणूस. त्याने मला गोळी दिली होती. आणि मी आत जाताना मनात म्हणत होते, असल्या नमुन्यांशी स्पर्धा असेल तर मग माझी नोकरी पक्की! बावीस वर्षं मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत आले होते. त्या रेकॉर्डच्या खोलीत मी खाली बसून ढसाढसा रडले. लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले. काका वाफ्याच्या कडेला पाट्या लिहीत बसले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "काका, मी फायली बघितल्या."

त्यांनी पेन्सिल थांबवली नाही.

"सांगितलं का नाही कधी? मला तरी?"

"सांगून कसं चालेल? मुद्दाम करतो म्हटलं की अर्ज खोटा होतो. मग तिसरा धरलाच नसता. खरंखुरं जावं लागतं, खरंखुरं नापास व्हावं लागतं."

"पण का हो एवढं?"

त्यांनी हातातली पाटी पूर्ण केली, खुंटीला अडकवली, आणि मग सांगितलं. अगदी साधेपणाने, कोणत्या वाफ्याला काय दिलं ते सांगावं तसं. त्यांना एक धाकटी बहीण होती, शालू. आईवडील लवकर गेले, काकांनीच तिला शिकवलं. बी. एस्सी. झाली. आमच्याच कंपनीत प्रयोगशाळेची जागा निघाली. शालू हुशार, तिची निवड होणार हे सगळ्यांना माहीत. मुलाखतीला आले दोघेच.

"आदल्या दिवशीच कळलं होतं मला, की दोघेच आहेत. मी तिथेच होतो. फॉर्म हातात होता. मनात आलं, आपण भरावा. नुसता नावाला. पण वाटलं, मातीत काम करणारा माणूस प्रयोगशाळेसाठी अर्ज करतो, लोक काय म्हणतील? हसतील." काकांनी हातावरची माती झटकली. "लोक हसतील म्हणून मी भरला नाही ताई. एवढंच."

शेतावर, म्हणजे कामावरच होतो आम्ही, तरी त्यांनी मला ताई म्हटलं.

शालूचं त्याच वर्षी लग्न झालं. सासरी तिची सर्टिफिकिटं ट्रंकेत गेली. पाचव्या वर्षी काविळीने ती गेली. नोकरी असती तर कावीळ झाली नसती असं काही नाही, हे काका स्वतःच म्हणाले, दोनदा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हेतलच्या घरी फोन केला होता का हो कोणी?"

त्या महिन्याच्या अखेरीला ते रिटायर झाले. निरोपसमारंभात मोटासाहेबांनी त्यांच्या मुलाखतींचे किस्से सांगितले. रंगांचा सांगितला, मगरीचा सांगितला. हॉल हसून हसून लोटपोट झाला. काकाही हसत होते, हातात नारळ आणि शाल घेऊन. मला उठून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिसऱ्या उमेदवाराची वाट कायमची बंद झाली असती. मी गप्प बसले. पहिल्यांदाच कळलं, की काका किती वर्षं गप्प बसले होते.

या वर्षी तीच जागा परत निघाली. नोटीस लावायच्या आधी मी हेतलच्या गावी फोन केला. आईने उचलला. म्हणाली, लगन थई गयुं, सुरतेकडे दिली, बरं चाललंय. मी विचारलं, तिथे काही काम वगैरे करते का? आई म्हणाली, "घरनुं काम शुं ओछुं छे, बेन?" घरचं काम काय थोडं असतं! मी फोन ठेवला.

अर्ज आले दोन. शेवटच्या तारखेपर्यंत वाट बघितली, दोनच. मग मी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला, आणि पेन्सिल शोधली.

माझा अर्ज बघून मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. मी संस्थापकांचं ते वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांचाच नियम, त्यांच्याच फायलीतून. मुलाखतीच्या दिवशी बाकावर दोन मुली होत्या, एक पादरा गावची, एक इथलीच. मी पर्समधून पिपरमिंटच्या गोळ्या काढल्या. दोघींना दिल्या, एक स्वतःच्या तोंडात टाकली. आत गेले, टाचा काही जुळल्या नाहीत, पण म्हटलं, "उमेदवार हजर आहे."

मोटासाहेब आधी नुसते बघत राहिले. "वृंदाबेन, तमे? माटीमां?" आणि मग जे हसले! सगळेच हसले. शेहेचाळीस वर्षांची बाई, जिला काळी माती आणि चहाची पूड एकच, ती प्रयोगशाळेत शिकायला निघाली होती. मला वाटलं होतं, हसणं म्हणजे क्षणाचं काम. छे, फार वेळ चालतं ते. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी फोटोकडे बघत उभी राहिले.

संध्याकाळी दांडिया बाजारात काकांकडे गेले. दोन खोल्या, एक खाट, भिंतीवर शालूचा फोटो, पदवीचा झगा घातलेला. काकांचे गुडघे गेलेत आता. मी आल्यावर त्यांना उठायचं होतं, मी उठू दिलं नाही.

"हेतल?" त्यांनी विचारलं.

मी नकाराची मान हलवली. त्यांनी शालूच्या फोटोकडे बघितलं. नंतर म्हणाले, "आज किती होते?"

"तीन."

कोणाची निवड झाली, ते त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, तिसरं कोण ते.

"हसले का ताई?"

"हसले. खूप हसले काका."

"पहिल्यांदा फार लागतं."

"मग? नंतर सवय होते?"

"नाही होत," काका म्हणाले. "नंतरही लागतंच. पण तोवर हजेरीच्या कागदावर तिसरं नाव चढलेलं असतं." आणि उशीखालून गोळ्यांची पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.